सत्तावीस वर्षांची गाडी आणि आईचा एक रुपया
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "तू आयटीत आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयबद्दल तुमची मुलं तुम्हाला रोज जेवताना ऐकवत असतील. मला दुसरा विषय द्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "ते तू मावशींना जुन्या मारुतीतून कन्याकुमारीला घेऊन गेलीस म्हणे, खरं का?" खरं आहे. तेच सांगते.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००. बाबांनी १९९७ साली घेतली. वाईतल्या अनेकांनी ती पाहिली आहे, काहींनी ढकललीही आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, बारा इंची चाकं आणि कार्बोरेटर. २०२१ मध्ये बाबा गेले. त्यानंतर गाडी आईच्या नावावर केली. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावं लागतं. ते २०१२ ला झालं, २०१७ ला झालं आणि २०२२ मध्ये तिसऱ्यांदा झालं. पण गाडी उभीच असायची. दादा रविवारी सुरू करून कृष्णेच्या पुलापर्यंत एक चक्कर मारायचा, तेवढंच.

आता आईचा रुपया. आई शाळेत असताना कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी देशभर निधी गोळा होत होता. एकनाथजी रानडे यांनी ते काम उभं केलं, ते आपल्या विदर्भातले. सामान्य माणसांकडून एक-एक, दोन-दोन रुपये घेऊन ते स्मारक बांधलं गेलं आणि १९७० मध्ये खुलं झालं. आईनं तेव्हा खाऊच्या पैशांतून एक रुपया दिला होता. "माझा एक रुपया तिथं आहे," हे वाक्य आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलो. बाबा म्हणायचे, "जाऊ की एकदा गाडीनं, बघून येऊ तुझा रुपया." ते राहून गेलं. आणि २०२४ च्या दिवाळीत आई, वय त्र्याहत्तर, फराळाचं ताट पुढे ठेवता ठेवता म्हणाली, "यांच्याच गाडीनं जायचं होतं मला."

दादा लगेच म्हणाला, "वेड लागलंय का? पुण्याहून कन्याकुमारीला थेट रेल्वे आहे. या डब्यातून आईला दीड हजार किलोमीटर नेणार? रात्री हायवेवर बंद पडली तर?" त्याचं चुकत नव्हतं. आईला रक्तदाबाची गोळी आहे, गुडघे दुखतात. म्हणून आम्ही तडजोड केली. रेल्वेची तिकिटं काढून ठेवायची. गाडी तयार करायची आणि तिची परीक्षा घ्यायची. ठरलेल्या तारखेपर्यंत गाडी पास झाली तर तिकिटं रद्द, नाही तर गाडी परत शेडमध्ये. पास म्हणजे काय, तेही कागदावर लिहिलं: घाट उतरताना ब्रेक पहिल्या मिनिटाला लागतो तसाच शेवटच्या मिनिटाला लागला पाहिजे. गर्दीत इंजिन तापता कामा नये. आणि एका दिवसात तीनशे किलोमीटर काहीही न सुटता, न गळता झाले पाहिजेत. दादानं खाली सही केली. आईनंही केली, तिची गाडी होती.

पुण्यात एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेटही न उघडता, "मॅडम, भंगारात द्या, सर्टिफिकेट मिळतं," असं सांगितलं आणि पुढचं सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून बोलला. नवऱ्याला स्टेपनी कुठे असते हेही माहीत नाही. मी गाडी वाईला परत आणली आणि आपल्याच 'ब' तुकडीतल्या एका मित्राकडे नेली. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेऊ नकोस असा दम दिलाय, म्हणून घेत नाही. त्यानं दोन महिने शनिवार-रविवार मला गॅरेजमध्ये काम करू दिलं. अट एकच होती: "नुसती बघत उभी राहू नकोस, पाना हातात घे."

आपल्या वेळी कार्यानुभवाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण असायचं, आठवतंय ना? मला तेव्हा फार राग यायचा. इंजिनिअरिंगला गेले तेव्हा वर्कशॉपमध्ये कानस पहिल्यांदा हातात धरली. पण शिवणाच्या बाई इथं आहेत, त्यांना सांगायचंय की तो तास वाया गेला नाही. ते पुढे येईलच.

कामाला हात घालण्याआधी एक मोठी मदत सापडली. बाबांची डायरी. काळ्या रेक्झिनच्या पाच डायऱ्या, १९९७ पासून. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, मीटरचा आकडा, बदललेला भाग, त्याचे पैसे. आम्ही कंपनीत ज्याला लॉग म्हणतो तो हा. फरक इतकाच की आमचे लॉग कुणी वाचत नाही. मी दोन संध्याकाळी बसून ते सगळं तक्त्यात भरलं. मीटर १ लाख १२ हजारावर होता. टायमिंग बेल्ट २०११ मध्ये बदललेला, म्हणजे किलोमीटर बघितले तर तो अजून तरुण. पण रबर मीटर बघत नाही, वर्षं मोजतं. तेरा वर्षांचा पट्टा रस्त्यात तुटला तर गाडी जागेवर थांबणार. तो बदलला, सोबत वॉटर पंपही बदलला, कारण तिथपर्यंत पुन्हा हात घालायचा म्हणजे तेच सगळं परत उघडायचं.

जुन्या गाडीत लोखंड आपल्याला वाटतं तितकं लवकर दगा देत नाही. दगा देतं ते रबर. रेडिएटरचे होज पाईप दाबून बघितले, तर एक दगडासारखा कडक आणि दुसरा पिठाच्या गोळ्यासारखा मऊ. दोन्ही वाईटच. पेट्रोलचे पाईपही गेलेले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९९७ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, भेगाळतं, आणि गरम इंजिनशेजारी पेट्रोल झिरपू लागतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाईप, क्लिपांसकट, नवे टाकले. टाकी खाली उतरवली तर तळाशी गंज आणि गाळ. ती धुऊन, वाळवून परत बसवली. नवा फिल्टर पन्नास किलोमीटरनंतर काढून पाहिला तर पुन्हा तांबूस. आणखी एक बदलला, मग स्वच्छ राहिला. कार्बोरेटर मित्रानं उघडला आणि जेट माझ्या हातात दिले. सुईच्या नेढ्याएवढी भोकं. त्यातल्या एकाच्या तोंडाशी कचरा होता. तेवढ्याशा कचऱ्यानं गाडी चढावर धापा टाकत होती.

डॅशबोर्डमागची एक वायर उंदरानं कुरतडलेली निघाली. ते कुणाच्या तक्त्यात नव्हतं.

ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ गेला, जायलाच हवा होता. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर झिरपत होते. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालेलं. विज्ञानाचे सर इथं आहेत म्हणून जरा नीट सांगते: ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की ते ऑइल उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल जमिनीपर्यंत जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही. नववीत हे आपण पाठ केलं होतं, सर. ते पाय घालून समजायला मला तीस वर्षं लागली. सगळं ऑइल काढलं, नवं भरलं, चारही चाकांची हवा काढली. एक जण पेडल दाबतोय, दुसरा खाली झोपून निपल उघडतोय. पेडल दाबायला आई बसली होती. "दाब... धर... सोड," असं मित्र ओरडायचा आणि आई हार्मोनियमच्या भात्यासारखं अगदी तालात दाबायची.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीचे बघाच. आमच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण साल २०१४. आणि स्टेपनी त्याहून म्हातारी. पाचही बदलले. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे बारा इंची माप असेलच असं नाही, म्हणून एक जादा ट्यूबही घेतली.

मग परीक्षा. पहिली पसरणी घाटात. वाईहून पाचगणी, महाबळेश्वर आणि परत. गाडी चढली छान. उतरून खाली आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला, तर मागचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम. पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्र झालं. हँडब्रेकची केबल आतून गंजली होती. लिव्हर खाली केला तरी ती पूर्ण सुटत नव्हती आणि चाक सगळा वेळ किंचित धरलेलं राहत होतं. दादाला फोन केला तर तो इतकंच म्हणाला, "तिकिटं आहेत ना?" त्या रात्री मलाही वाटलं की रेल्वेच बरी. बारा दिवस उरले होते आणि केबल वाईत मिळाली नाही, साताऱ्यातही नाही. ती पुण्यात नाना पेठेत मिळाली.

केबल टाकली आणि दुसरी परीक्षा मुद्दाम अवघड घेतली. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, आणि तोच घाट चढून परत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही बाबांची शिकवण. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. इंजिन गाडीला मागे ओढतं, त्याला ओढू द्यायचं. पोलादपूरला चारही चाकं सारखीच कोमट होती. तिसरी परीक्षा म्हणजे वाई ते कोल्हापूर आणि परत, साधारण तीनशे किलोमीटर. रात्री शेडमध्ये गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता. मी त्याचा फोटो दादाला पाठवला आणि त्यानं तिकिटं रद्द केली.

त्यानंतर एक नियम मी माझ्या धंद्यातून आणला. निघायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात गाडीला पाना लावायचा नाही. नवा भाग बिघडतो तो बहुतेक पहिल्या काही किलोमीटरमध्येच, आणि ते किलोमीटर आपल्या गावात झालेले बरे. मित्राला हा नियम फारसा पटला नाही. त्याला अजून एकदा टॅपेट बघायचे होते. पण त्यानं ऐकलं.

आता हत्यारांची पिशवी. तुमच्यातल्या निम्म्या जणांना फक्त एवढंच ऐकायचं असणार, मला माहीत आहे. बाजारात एकशे आठ तुकड्यांचा डबा मिळतो, तो आणू नका. त्यातले नव्वद तुकडे तुमच्या गाडीला लागतच नाहीत आणि लागेल तो नेमका झिजतो. मी उलटं केलं. दोन महिने गॅरेजमध्ये जो जो पाना खरोखर हातात घेतला, तो वहीत लिहिला. शेवटी यादी लहानशी निघाली: आठ, दहा, बारा, चौदा आणि सतराचे फिक्स आणि रिंग पाने, प्लग पाना, दोन पेचकस, पक्कड, चाकाचा पाना, जॅक, आणि जॅकखाली ठेवायला सागाच्या फळीचा तुकडा, कारण हायवेच्या कडेची माती जॅक गिळते. टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, कपाळावर बांधायचा टॉर्च. सुट्या भागांत फॅन बेल्ट, प्लग, ॲक्सिलरेटर आणि क्लच केबल, पेट्रोल पंप, होज क्लिपा, फ्यूज, वायर, इन्सुलेशन टेप, एम-सील, बाइंडिंगची तार. बाबांच्या डायरीत ठिकठिकाणी लिहिलंय, "जुना डिकीत ठेवला." चालता भाग बदलला तर जुना फेकायचा नाही, तोच स्पेअर. पाच लिटर पाणी, एक लिटर ऑइल, धोक्याचा लाल त्रिकोण, जुन्या बनियनच्या चिंध्या.

आणि हे सगळं ठेवायला मी जुन्या जीन्सची गुंडाळायची पिशवी शिवली. प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा, म्हणजे अंधारात एक कप्पा रिकामा लागला की कळतं काहीतरी रस्त्यावर राहिलंय. बाई, उलटी टीप घातली आहे. अजून एकही शिवण उसवलेली नाही.

कधी जायचं हेही ठरवावं लागलं. तामिळनाडूत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि जानेवारीच्या मध्याला पोंगलची गर्दी. म्हणून पोंगलनंतर, २०२५ च्या जानेवारीत निघालो. आई, मी आणि पिशवी. नवरा आणि मुलगी मदुराईला रेल्वेनं येऊन भेटणार होते. तेवढ्या लांबच्या प्रवासात चार माणसं आणि सामान गाडीवर लादायचं नव्हतं. रोज साधारण तीनशे किलोमीटर, ताशी साठ ते सत्तर, अंधार पडायच्या आत मुक्काम. पहिला मुक्काम हुबळी, दुसरा तुमकूर. ट्रकवाले आम्हाला ओलांडताना वाकून बघायचे. एकानं निपाणीजवळ अंगठा दाखवला, आईनं त्याला हात केला.

घोळ तिसऱ्या दिवशी बंगळुरूत झाला. यशवंतपूरच्या आसपास वाहतूक तुंबली आणि तापमानाचा काटा चढायला लागला. हिटर पूर्ण उघडला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत येते. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "मी शिजले तरी चालेल, ती नको शिजायला." मिळेल त्या फटीतून कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट अंगावर येतं. पाणी गळत नव्हतं, पट्टा जागेवर होता. मग रेडिएटरचा पंखा का फिरत नव्हता? फ्यूज पाहिला, ठीक. बॅटरीवरून पंख्याच्या मोटरला थेट वायर लावली तर पंखा भणभणत सुरू झाला. म्हणजे मोटर चांगली, तिला हुकूम देणारा स्विच गेलेला. तो स्विच माझ्याकडे नव्हता, पण हुकूम मीही देऊ शकत होते. मध्ये फ्यूज घालून वायर पक्की केली, टेप गुंडाळली, पंखा सतत चालू ठेवला. गाडी थंड होईपर्यंत धरून पाऊण तास गेला. आईनं तेवढ्यात शेजारच्या टपरीवाल्याकडून दोन कॉफी आणल्या. त्याला मराठी येत नव्हतं, तिला कन्नड येत नव्हतं, पण त्याची मुलगी कितवीत आहे हे तिला कळलं होतं.

धर्मपुरी ओलांडल्यावर तोप्पूरचा घाट लागतो. सेलमकडे जाताना सगळा उतार, ब्रेक निकामी होऊन ट्रकचे अपघात होण्यासाठी कुप्रसिद्ध. मला त्याचीच धास्ती होती. तिसरा गिअर, मग दुसरा, डाव्या बाजूनं, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. खाली आल्यावर थांबून चारही चाकांजवळ हात नेला. आईनं विचारलं, "सारखी आहेत ना?" तिलाही आता काय बघायचं ते माहीत झालं होतं. सेलमला स्विच मिळाला, वीस मिनिटांत बसवला.

पाचव्या दिवशी दुपारी कन्याकुमारी. काश्मीरमधून निघणारा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इथं संपतो, पुढे समुद्रच. दुसऱ्या दिवशी बोटीच्या रांगेत दीड तास उभं राहून शिलास्मारकावर गेलो. तिथून शेजारच्या तिरुवळ्ळुवर पुतळ्याकडे जायचा काचेचा पूल नुकताच, महिनाही झाला नव्हता, सुरू झाला होता. मुलगी तिकडे धावली. आई मंडपाच्या पायऱ्यांवर बसली आणि दगडावर हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चांगलं काम झालंय." बाबांनी गवंड्याला म्हटलं असतं, तसंच.

परतीचा प्रवास दहा ओळींत सांगण्यासारखाही नाही. काही झालंच नाही. करूरजवळ एक पंक्चर, एवढंच. पाचव्या डायरीत पुढची नोंद आता माझ्या अक्षरात आहे: ३,१४० किलोमीटर, एक स्विच, एक पंक्चर. लिटरला साडेसतरा किलोमीटर.

आरसी २०२७ पर्यंत आहे. पुढच्या नूतनीकरणाबद्दल दादा आणि मी अजून भांडतोय. आईचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, सोमनाथलाही रस्ता जातो.

पान्यांची यादी मी छापून आणलीय, नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. गाडी मैदानात लिंबाखाली उभी आहे. चहाच्या सुट्टीत बॉनेट उघडणार आहे. आपला मित्रही तिथं असेल. टॅपेटचा आवाज त्याला अजून पसंत नाही, तुम्हीच ऐकून सांगा.